कारागिराचा डावा हात

मी गळाची काठी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, दाराआडच्या कोपऱ्यात, झाडू आणि छत्री यांच्यामध्ये उभी आहे ती मीच. झाडूला रोज काम असतं, छत्रीला हंगामात आणि मला सोमवारी. बाकीचे सहा दिवस मी या सलूनमध्ये उभी राहून लोकांच्या हजामती पाहते. पाहण्याखेरीज मला दुसरं काही करता येत नाही, आणि आज पहिल्यांदाच मला त्याचा मनापासून राग आलाय.

उद्या मंगळवार. उद्या सकाळी समोरच्या त्या खुर्चीत एक माणूस मान मागे टाकून बसणार आहे, आणि जे होऊ नये ते होईल अशी मला भीती वाटतेय. का वाटतेय ते नीट सांगते. थोडं मागून सुरू करावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, काठीला काय कळतंय.

माझा जन्म कारखान्यातला. काचेच्या धाग्यांचं कापड एका लोखंडी सळईभोवती गुंडाळतात, भट्टीत भाजतात आणि मग सळई ओढून काढतात. म्हणजे मी आतून पोकळ आहे. हे आधीच सांगून टाकते, पुढे कुणी टोमणा मारायला नको. दोरी ओवण्यासाठी अंगावर सहा कड्या लागतात. त्या एका बाईनं दोऱ्यानं बांधल्या. बांधताना ती शेजारणीला आपल्या सुनेबद्दल सांगत होती. चौथ्या कडीच्या वेळी विषय इतका रंगला की कडी किंचित तिरकी बसली. तशीच आहे ती अजून.

माझा पहिला मालक म्हणजे आताच्या मालकांचा मेहुणा. हौसेला मोल नाही असा माणूस. आधी टोपी घेतली, मग आठ खिशांचं जाकीट, मग घडीचं स्टूल, आणि शेवटी आठवण झाली म्हणून मला. उथळ पाण्याला खळखळाट फार. पहिल्याच दिवशी गळ पाण्यात पडायच्या ऐवजी याच्याच पाठीत, जाकिटात रुतला. तो तसाच, मला शेपटीसारखी मागे ओढत, बहिणीच्या नवऱ्याच्या सलूनमध्ये आला.

"दाजी, हे काढा आधी. हसू नका."

दाजी हसले नाहीत. त्यांनी दोन बोटांत गळ धरला, त्याच्या वळणानं एकदा फिरवला आणि काढून मेहुण्याच्या तळहातावर ठेवला. कापडाला नवीन भोकसुद्धा पडलं नाही.

"दाजी, तुमच्या हाताला तोड नाही," मेहुणा म्हणाला. "ही काठी ठेवा तुम्हालाच. माझ्याच्यानं काही हे व्हायचं नाही."

अशी मी या दुकानात आले. त्याला बावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकं माझ्या मालकांना 'कारागीर' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. दुकान लहान आहे. दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीचं चाक निखळलंय. तिच्यावर गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्रंच बसतात. आरशाच्या एका कोपऱ्याला तपकिरी डाग पडलेत. फण्या निळ्या पाण्याच्या बरणीत बुडालेल्या असतात, आणि वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा खिळ्याला टांगलेला असतो. मला घरी नेत नाहीत. गळाला मासळीचा वास येतो, अशी मालकीणबाईंची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

कारागिरांचा उजवा हात मी आधी वस्तऱ्यावर पाहिला आणि मग स्वतःच्या मुठीवर अनुभवला. गळ टाकायचा म्हणजे काय, ते तुम्हाला थोडक्यात सांगते. दोरी पहिल्या बोटावर अडकवून धरायची, रिळावरची तारेची कमान उघडायची, मला खांद्यामागे न्यायचं आणि पुढे झेप घ्यायची. त्या झेपेत एक क्षण असा येतो की बोटानं दोरी सोडायची असते. लवकर सोडली तर शिशाची गोळी आभाळात जाते, उशिरा सोडली तर पायाशी आपटते. तो क्षण मला माझ्या अंगात कळतो, कारण त्या क्षणी मी पुरती वाकून नुकती सरळ व्हायला लागलेली असते. माझ्यात आवाज असता तर मी दर वेळी 'आता!' म्हणून ओरडले असते. कारागिरांना ओरडून सांगायची गरजच नव्हती. त्यांचं बोट आणि मी एकाच वेळी सुटायचो.

शहराबाहेर दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठून तळं झालंय. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवारी आम्ही तिथे. शेजारच्या दगडावर कायम एक निवृत्त पोस्टमन बसलेले असतात. नोकरीत ते पोस्टमनच राहिले, पण निवृत्त झाल्यावर लोकांनी त्यांना बढती दिली आणि सगळे पोस्टमास्तर म्हणू लागले. ते तळ्यावर कारागिरांचे शेजारी, आणि दुकानात दर दिवसाआडचं गिऱ्हाईक. त्यांच्या मानेची कातडी सैल आहे. एका हातानं ती ताणून धरावी लागते आणि दुसऱ्या हातानं वस्तरा चालवावा लागतो. कारागीर ते काम गप्पा मारता मारता करायचे.

ही सगळी चांगल्या दिवसांची गोष्ट झाली.

दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी मला पहिल्यांदा शंका आली. कारागिरांनी मला उचललं, आणि त्यांची करंगळी माझ्या मुठीवर आलीच नाही. चार बोटांनी धरलं आणि पाचवं बाहेर राहिलं. मला वाटलं, ऐट करतायत. पुढच्या सोमवारी करंगळीशेजारचं बोटही सैल. मग एकदा झेप घेताना मी वाकले, सरळ व्हायला लागले, क्षण आला, आणि बोट सुटलंच नाही. गोळी पायाशी आपटली. चिखल पोस्टमास्तरांच्या चष्म्यावर उडाला.

कारागिरांनी माझ्याकडे पाहिलं. "काठी म्हातारी झाली बहुतेक."

"नाचता येईना अंगण वाकडं," पोस्टमास्तर चष्मा पुसत म्हणाले.

एरवी कारागीर अशा बोलण्यावर दुप्पट हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. मला मात्र म्हातारी म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की जिला सगळं कळलं ती मी, आणि आळही माझ्यावरच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यानंतर त्यांनी रिळाला तेल घातलं. दोरी नवीन आणली, गोळी हलकी लावली, कड्या कापसानं पुसल्या. सगळं बदलून पाहिलं, हात सोडून. दुकानातही मी पाहत होते. कात्री चालवताना ते अंगठा पुन्हा पुन्हा झटकायचे. काम नसलं की उजवी मूठ मिटून खिशात ठेवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती आता वेळेवर उघडत नव्हती, हे त्यांना आणि मलाच ठाऊक होतं.

आणि मग एका दुपारी त्यांनी मला डाव्या हातात घेतलं.

दुकानामागे भिंतीपर्यंत पंचवीसेक पावलांची मोकळी जागा आहे. तिथे त्यांनी एक जुनं पत्र्याचं घमेलं ठेवलं, माझ्या दोरीचा गळ काढला, नुसती गोळी ठेवली. रिळाचा फिरवायचा दांडा काढून दुसऱ्या बाजूला बसवला. आणि डाव्या हातानं झेप घेतली. गोळी मागच्या मागे गेली आणि शेजारच्या लाँड्रीवाल्याच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकली. काही काम सोपं असलं की लोक म्हणतात, हा माझ्या डाव्या हातचा मळ. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा म्हटलं, त्यानं एकदा डाव्या हातानं गळ टाकून पाहावा.

मालकीणबाई रोज एक वाजता डबा घेऊन येतात. घरी त्या उशांच्या खोळी शिवतात, ते काम दुपारपुरतं थांबवून. त्यांनी हा प्रकार पाहिला.

"हे काय नवीन?"

"हल्ली सगळे दोन्ही हातांनी टाकतात," कारागीर म्हणाले. "वारा कुठून आहे ते बघायचं आणि तसा हात बदलायचा."

"बरं," बाई म्हणाल्या आणि डबा उघडायला आत गेल्या.

वाऱ्याचं कारण साफ खोटं होतं. खरं कारण मी शटरच्या आत पाहिलं. दोन ते तीन दुकान बंद असतं. त्या वेळात कारागीर एक फुगा फुगवायचे, खुर्चीच्या पाठीला बांधायचे, ब्रशनं त्याला फेस लावायचे आणि डाव्या हातात वस्तरा घेऊन त्याची दाढी करायचे. हजामतीचं काम शिकताना पोरांना असंच शिकवतात. फुगा फुटला नाही तर हात तयार. चाळीस वर्षं वस्तरा चालवलेला माणूस बंद दुकानात घाम पुसत फुग्याची दाढी करत होता, आणि फुगा फट्दिशी फुटून फेस त्याच्या भुवयांवर उडत होता. कुणाला हसू येईल. मला आलं नाही.

कचऱ्याच्या डब्यात फुग्यांचे रंगीत तुकडे पाहून बाईंनी विचारलं, "वाढदिवस कुणाचा होता?"

"एका गिऱ्हाइकाच्या नातवाचा," कारागीर म्हणाले.

त्यांचा हिशेब मला कळत होता. गळ टाकायला जो हात शिकेल, तो वस्तऱ्यालाही शिकेल. म्हणून रोज आधी मी आणि मग फुगा. बुडत्याला काडीचा आधार, मी तर अख्खी काठी. पण या हिशेबात चूक होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं. माझ्यासाठी हाताला सोडायला शिकावं लागतं. वस्तऱ्यासाठी धरून ठेवायला शिकावं लागतं, तेही एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंत, जराही न हलता. माझ्याकडून शिकून तो हात वस्तऱ्याकडे जात होता.

पुढच्या एका सोमवारी मालकीणबाई तळ्यावर आल्या. त्या कधीमधी येतात, मटाराच्या शेंगा सोलत बसतात आणि पोस्टमास्तरांशी गप्पा मारतात. त्या दिवशी पोस्टमास्तर आले नव्हते. बाईंनी कारागिरांचे दहा-बारा प्रयत्न पाहिले. मग शेंगांचं ताट बाजूला ठेवून उठल्या.

"द्या इकडे."

"अगं, तुला नाही जमायचं."

बाईंनी मला डाव्या हातात घेतलं. मागे नेलं, क्षणभर थांबल्या आणि पुढे सोडलं. मी वाकले, सरळ झाले, आणि बोट माझ्याबरोबर सुटलं. गोळी तळ्याच्या मध्यावर जाऊन पडली. बावीस वर्षांत कारागिरांखेरीज कुणाचं बोट इतकं वेळेवर सुटलं नव्हतं.

"तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला पाहिजे? मी जन्माची डावखुरी," बाई म्हणाल्या. "डाव्या हातानं पेन्सिल धरली की आई त्याच हातावर उलथनं मारायची. लग्नाआधी तर बजावूनच ठेवलं होतं, सासरी डावा हात पुढे आला तर बघ. मग काय, गेला मागे. शिवण उजव्या हातानं, लिहिणं उजव्या हातानं. तुमच्याही कधी लक्षात नाही आलं."

तीस वर्षांचा संसार झाला होता आणि बायकोचा हात कारागिरांना आज कळला.

बाईंनी मला परत त्यांच्या हातात दिलं आणि अगदी सहज विचारलं, "उजव्याला काय झालंय?"

"कुठे काय? काही नाही."

आता सांगतील, आता सांगतील, म्हणून मी त्यांच्या मुठीत वाट पाहत राहिले. नाही सांगितलं. बाईंनीही पुन्हा विचारलं नाही. परत येताना मात्र त्यांनी मला स्वतःच्या हातात घेतलं. एरवी मला कारागीर घेतात.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. तोवर दहातले सहा फुगे शाबूत राहायला लागले होते. सकाळी अकराच्या सुमाराला पोस्टमास्तर खुर्चीत बसले. बाकावर दोन गिऱ्हाइकं वर्तमानपत्राची पानं वाटून वाचत होती. कारागिरांनी फेस लावला. वस्तरा डाव्या हातात घेतला. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. मग त्यांनी आरशात पाहिलं. आरशात बाकावरची दोन्ही गिऱ्हाइकं दिसत होती आणि दोघंही वर्तमानपत्रावरून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. कारागिरांनी वस्तरा उजव्या हातात घेतला.

डाव्यानंच करा, मी मनात ओरडले. लोक बघतायत तर बघू देत! छत्रीपर्यंतसुद्धा माझा आवाज पोहोचला नाही.

मानेची सैल कातडी त्यांनी ताणून धरली. दोन फटके नीट गेले. तिसऱ्याला हात मध्येच थांबला आणि मग एकदम पुढे गेला. जबड्याखाली दोन बोटं लांब रेघ उमटली, आधी पांढरी आणि मग लाल. पांढऱ्या फेसात लाल रंग फार लवकर पसरतो. बाकावरची दोघं उठून उभी राहिली. कारागिरांनी टॉवेल दाबला, मग तुरटी लावली, आणि तुरटी लावतानाही त्यांचा उजवा हात टॉवेल नीट धरत नव्हता.

"चूक माझी," पोस्टमास्तर मोठ्यानं म्हणाले, बाकावर ऐकू जाईल असं. "शिंक आली मला. कारागिरांनी हात आवरला म्हणून वाचलो."

शिंक आली नव्हती. दुकानातल्या सगळ्यांना माहीत होतं. कारागिरांना कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी सोसल्या असत्या, हे काही त्यांना सोसलं नाही. गिऱ्हाइकं गेली, पोस्टमास्तर टॉवेल धरून गेले, आणि कारागिरांनी शटर खाली ओढलं. ते मोडक्या खुर्चीत वर्तमानपत्रांवरच बसले. एक वाजेपर्यंत तसेच बसून होते. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते. झाडूला निदान जमिनीवरचे केस गोळा करायचं काम तरी मिळणार होतं.

बाई डबा घेऊन मागच्या दारानं आल्या. त्यांनी बेसिनमधला वस्तरा पाहिला आणि डबा खाली ठेवला.

"माझा हात गेलाय," कारागीर म्हणाले.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही चहाचा कप डाव्या हातानं उचलायला लागलात तेव्हापासून. दीड वर्ष झालं असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "आज त्यांच्या गळ्यावर गेला असता ना हो."

मी पहिल्यांदा कारागिरांना रडताना पाहिलं. मला त्यांच्या हातात जायचं होतं. पण काठीला कुणी हातात घेतलं तरच ती हातात जाते.

दोघं डॉक्टरकडे जाऊन आले. आल्यावर दुकानातच बसून बोलले, म्हणून मला कळलं. उजव्या हाताच्या नसेत बिघाड आहे, तो हात आता पूर्वीसारखा व्हायचा नाही. डावा तपासला, डावा ठणठणीत आहे. तरी तीन महिन्यांनी पुन्हा दाखवून जा, तोवर काय ते स्पष्ट होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. ती तारीख येत्या गुरुवारी आहे.

त्या दिवसापासून डावा हात उजळ माथ्यानं शिकू लागला. दुकान बंद ठेवलं, पण मागच्या जागेत रोज शाळा भरायची. शिकवायला मालकीणबाई, शिकायला कारागीर आणि राबायला मी.

"बोटाकडे लक्ष देऊ नका," बाई सांगायच्या. "गोळी मागे ओढतेय ना? ती ओढ कमी झाली की सोडा. बोट आपोआप सुटेल."

"आणि हा उजवा? तो मध्ये मध्ये येतोय."

"त्याला रीळ फिरवायला द्या. पेन्शनीत गेलाय तो, हलकं काम करू दे."

पहिले पंधरा दिवस घमेल्याचं तोंडही दिसलं नाही. लाँड्रीवाल्यानं आपली दोरी पलीकडे हलवली. पण कारागीर हटले नाहीत. चाळीस वर्षांची सवय मोडणं म्हणजे काय असतं, ते मी त्यांच्या खांद्यातून अनुभवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा उजवा खांदा आपोआप पुढे यायचा. बाई तो हातानं मागे धरून ठेवायच्या. एके दिवशी गोळी घमेल्यात पडली आणि टणकन आवाज झाला. कारागिरांनी मला खाली टाकलं आणि बायकोचा डावा हात धरून तिथेच, भर दुपारी, एक गिरकी घेतली. मी जमिनीवर पडून पाहत होते. मला इतका आनंद याआधी कधी झाला नव्हता.

मग फुगे. आता फुगा बाई धरायच्या. दहातले आठ, मग दहाच्या दहा, मग वीसच्या वीस. फुगे विकणाऱ्यानं बाईंना विचारलंसुद्धा, घरात नातवंडं किती आहेत म्हणून. वस्तरा डाव्या हातात स्थिर राहत होता. मी म्हटलं ना, धरणं वेगळं आणि सोडणं वेगळं. कारागीर दोन्ही शिकले. माझी शंका खोटी ठरली, आणि खोटी ठरल्याचा मला आनंदच होता.

परवा पोस्टमास्तर येऊन गेले. जबड्याखाली बारीक पांढरी रेघ राहिलीय.

"दुकान उघडा आता," ते म्हणाले. "पहिली दाढी माझी."

"तुमची नको," कारागीर म्हणाले. "तुमची तर नकोच."

"का? एक पत्र चुकीच्या घरी पडलं म्हणून कुणी पोस्ट बंद करतं का? मंगळवारी आठला येतो. वहिनी, यांना सांगून ठेवा."

कारागिरांनी शटरवर खडूनं लिहिलं, 'मंगळवारपासून दुकान सुरू'. डाव्या हातानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण त्यांनी ते मुद्दाम पुसलं नाही. बाई म्हणाल्या, "गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय, मग शुक्रवारीच उघडूया की."

"तीन महिने बंद आहे," कारागीर म्हणाले. "आता आणखी एक दिवसही नको."

आणि आज सोमवार. दुकान उघडायच्या आदला दिवस म्हणून दोघं मला घेऊन तळ्यावर गेले. वारा अजिबात नव्हता. पाणी परातीतल्यासारखं शांत होतं. कारागिरांनी डाव्या हातानं गळ टाकला आणि तो थेट मध्यावर गेला. दोघं दगडावर बसले. मी त्यांच्या डाव्या हातात होते.

मासा लागला की माझा शेंडा थरथरतो. मासा काही बोलत नाही, मीही बोलत नाही, तेवढीच आमची भाषा. थोड्या वेळानं माझा शेंडा थरथरला.

"लागला! अहो, लागला!" बाई उठून उभ्या राहिल्या.

"थांब, घाई करू नको. खाऊ दे त्याला."

शेंडा थांबला, पुन्हा थरथरला. कारागिरांचा चेहरा उजळला. बाईंनी स्वतः रीळ फिरवलं. दोरी आली, गोळी आली, गळ आला. मासा नव्हता. गळाला लावलेलं गांडूळ जसंच्या तसं होतं. त्याचं टोकसुद्धा कुणी चाखलं नव्हतं.

"लबाड निघाला," कारागीर हसत म्हणाले. "वास घेऊन गेला."

पाण्यात मासा नव्हता हो. खालून दोरीला कुणी शिवलंसुद्धा नाही. ती थरथर खालून आली नव्हती, वरून आली होती, मुठीतून. माझ्या मुठीवर असलेल्या त्यांच्या डाव्या हातातून. बारीक होती, चार-दोन श्वासांपुरती. त्यांना ती कळली नाही, कारण त्यांना वाटलं मासा आहे. डाव्या हातातही ते सुरू झालंय, आणि हे या जगात आज फक्त मला माहीत आहे.

बाईंनी त्या गांडुळाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कारागिरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा तीन महिन्यांत असा खुलला नव्हता. मला वाटलं, आता त्या बोलतील. बोला ना, बाई. मागच्या वेळी थांबलात तर काय झालं ते पाहिलंत ना?

"पुन्हा टाका," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा शेंडा थरथरला. या वेळी बाई उठल्या नाहीत.

संध्याकाळी आम्ही परत आलो. कारागिरांनी मला पुसून इथे कोपऱ्यात ठेवलं. वस्तरा पट्ट्यावर परजला, धुतलेला पांढरा टॉवेल घडी करून खुर्चीच्या हातावर टाकला, आणि शीळ वाजवत शटर ओढून घरी गेले. बाई मागच्या दाराशी क्षणभर रेंगाळल्या, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्यामागे गेल्या.

झाडूला सांगून पाहिलं, छत्रीला सांगून पाहिलं. म्हणून आता तुम्हाला सांगतेय. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. उद्या आठला शटर वर जाईल. पोस्टमास्तर आठला पाच कमी असतानाच येऊन पायरीवर बसतात. त्यांच्या आधी कुणीतरी या. कारागिरांना काही बोलू नका, बोललेलं ते ऐकायचे नाहीत. फक्त दाराआडून मला उचला आणि त्यांच्या डाव्या हातात द्या. म्हणा, जरा धरा, आणि शेंड्याकडे बघा. शेंडा थरथरला की त्यांना विचारा, कारागीर, इथे दुकानात मासा कुठून आला?